गुग्लिएल्मो मार्कोनी : बिनतारी हाक

ईदच्या सकाळी ईदगाह मैदानाबाहेर बंदोबस्ताला उभे असलेले पोलीस तुम्ही पाहिले असतील. उरुसात, गणपतीच्या मिरवणुकीत किंवा एखाद्या मोठ्या सभेच्या वेळीही ते दिसतात. त्यांच्या हातात एक काळा, जाडसर संच असतो. त्याच्या डोक्यावर आखूड दांडी असते आणि बाजूला एक बटण असते. पोलीस बटण दाबून दोन शब्द बोलतो, बटण सोडतो आणि कान देऊन ऐकतो. पलीकडून खरखरत उत्तर येते. हा वॉकी-टॉकी. अशा यंत्राला उर्दूत लासिल्की म्हणतात आणि मराठीत बिनतारी. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे : ज्याला तार लागत नाही ते.

तुम्ही म्हणाल, आमच्या घरी मोबाइल आहे. त्याच्यापुढे या ठोकळ्याची काय मातब्बरी? मोबाइललाही तार नसते हे खरे. पण मोबाइलवरचा आवाज आधी जवळच्या टॉवरकडे जातो आणि टॉवरला वीज लागते. आता आपल्या जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा आठवा. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांच्या कडेने गोदावरी वाहते. काठावरचे लोक तिला गंगाच म्हणतात. वर पैठणला जायकवाडी धरण भरले आणि दरवाजे उघडले, की शहागडपासून खाली नदीकाठच्या गावांना सावध करावे लागते. अशा रात्री वीज जाते, टॉवर बंद पडतो. कधी सगळेच एकदम फोन करू लागतात आणि एकाचाही फोन लागत नाही. वॉकी-टॉकीचा आवाज मात्र एका संचातून थेट दुसऱ्या संचात जाऊ शकतो. मध्ये टॉवर नसला तरी चालते.

हवेतून हाक मारण्याची ही युक्ती जगाच्या कामाला लावली ती इटलीच्या गुग्लिएल्मो मार्कोनी यांनी. त्यांची कथा आता वाचा. वाचताना यंत्र कसे होते ते पाहाच, पण पलीकडे कोण ऐकत होते, हेही पाहत चला.

मार्कोनी यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या शहरात झाला. वडील जुझेप्पे हे सधन जमीनदार होते. आई ॲनी जेमसन ही आयर्लंडची. त्यामुळे गुग्लिएल्मोला लहानपणापासून इटालियन आणि इंग्रजी अशा दोन भाषा येत होत्या. घरी एक भाषा आणि बाहेर दुसरी, ही कसरत तुम्हांला नवीन नाही. अभ्यासात मात्र तो फारसा चमकला नाही. विद्यापीठात त्याला प्रवेश मिळाला नाही. शेजारी रिगी नावाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक राहत. त्यांनी या मुलाची आवड ओळखली आणि त्याला आपल्या प्रयोगशाळेत येऊ दिले.

जर्मनीतील हाइन्रिश हर्ट्झ या शास्त्रज्ञाने १८८८ च्या सुमारास विजेच्या लहरी तारेशिवाय हवेतून जातात, हे सिद्ध केले होते. १८९४ साली, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी हर्ट्झ वारले. त्यांच्याविषयीचा लेख वीस वर्षांच्या गुग्लिएल्मोच्या वाचनात आला. लहरी तारेवाचून जातात, तर निरोपही जाईल, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने घराच्या माळ्यावर प्रयोग सुरू केले. या माळ्यावर पूर्वी रेशीमकिड्यांची तबके मांडलेली असत. जालन्यात रेशीम कोषांचा बाजार भरतो, तेव्हा ही तबके तुमच्यापैकी काही जणांनी जवळून पाहिली असतील. एका रात्री त्याने आईला झोपेतून उठवून वर नेले. माळ्याच्या एका टोकाला त्याने कळ दाबली आणि दुसऱ्या टोकाची घंटा वाजली. मध्ये तार नव्हती.

पुढच्या वर्षी, म्हणजे १८९५ मध्ये, तो यंत्र घेऊन शेतात उतरला. तेथे त्याला एक महत्त्वाची गोष्ट सापडली. तारेचे एक टोक खांबावर उंच चढवले आणि दुसरे टोक जमिनीत पुरले, की निरोप बराच लांब जातो. दांडी जितकी उंच, तितकी हाक लांब. त्याचा मोठा भाऊ आल्फोन्सो घेणारे यंत्र आणि एक बंदूक घेऊन टेकडीपलीकडे गेला. तेथून तो दिसणे शक्य नव्हते. निरोप मिळाला तर त्याने बंदुकीचा बार काढायचा, असे ठरले होते. इकडे गुग्लिएल्मोने कळ दाबली आणि काही क्षणांत टेकडीमागून बार ऐकू आला. अंतर सुमारे दोन किलोमीटर होते. टेकडी आड आली तरी निरोप अडला नव्हता.

१८९६ साली आई त्याला घेऊन इंग्लंडला गेली. बंदरावरच्या जकात अधिकाऱ्यांना त्याच्या पेटीतील तारा आणि नळ्या संशयास्पद वाटल्या. त्यांच्या हाताळणीत यंत्र मोडले. ते त्याने पुन्हा जोडले. त्याच वर्षी २ जूनला मार्कोनींनी पेटंटसाठी अर्ज केला. ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्यांना मदत केली. मे १८९७ मध्ये ब्रिस्टलच्या खाडीवरून पाच-सहा किलोमीटर पलीकडच्या बेटावरून निरोप आला. मोकळ्या समुद्रावरून गेलेला तो पहिला बिनतारी निरोप मानला जातो. मार्कोनींनी आपली कंपनी काढली तेव्हा ते फक्त २३ वर्षांचे होते.

समुद्रच का? जमिनीवर तारायंत्र तोवर रुळले होते. आपल्याकडेही रेल्वेच्या कडेने तारेचे खांब उभे होते. पण जहाजाला तार कशी बांधणार? जहाज बंदरातून निघाले की जगापासून तुटत असे. ते बुडू लागले, तर खलाशी झेंडे दाखवीत, बाण उडवीत, तोफ डागीत. कोणी जवळ असेल तर पाहील, नसेल तर सगळे संपले. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ गुडविन नावाचे वाळूचे उथळ पट्टे आहेत. तेथे कितीतरी जहाजे रुतून फुटली होती. जहाजांना इशारा देण्यासाठी तेथे एक दीपनौका नांगरलेली असे. तिच्यावर मार्कोनींनी बिनतारी यंत्र बसवले. मार्च १८९९ मध्ये एक जर्मन जहाज वाळूत रुतले, तेव्हा त्या नौकेने किनाऱ्याला खबर दिली आणि मदत निघाली. पुढच्याच महिन्यात धुक्यात एका जहाजाने खुद्द दीपनौकेलाच धडक दिली. या वेळी तिने स्वतःसाठी हाक मारली आणि ती ऐकली गेली.

मार्कोनींचे नाव जगभर झाले ते १२ डिसेंबर १९०१ रोजी. इंग्लंडच्या पोल्धू केंद्रातून तीन टिंबांचा, म्हणजे मोर्स लिपीतील एस या अक्षराचा इशारा पाठवला जात होता. मार्कोनी अटलांटिक महासागराच्या पलीकडे, न्यूफाउंडलंडमधील एका टेकडीवर बसले होते. वारा इतका होता की तार वर नेणारा फुगा टिकेना. म्हणून त्यांनी तार पतंगाला बांधून दीडशे मीटर उंच चढवली. संक्रांतीला पतंग तुम्हीही उडवता. तो पतंग मात्र साडेतीन हजार किलोमीटरवरची हाक पकडण्यासाठी उडत होता. मार्कोनी आणि त्यांचे सहायक केंप यांनी तीन टिकटिक ऐकल्याचे जाहीर केले. त्यांनी खरोखर तीच टिकटिक ऐकली का, याविषयी आज काही शास्त्रज्ञ शंका घेतात. पण दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९०२ मध्ये, मार्कोनींनी फिलाडेल्फिया जहाजावरून प्रवास करताना पोल्धूचे संदेश कागदाच्या पट्टीवर उमटवून घेतले. त्याला जहाजाचा कप्तानही साक्षी होता. त्या प्रवासात दिवसापेक्षा रात्री निरोप कितीतरी लांब जातो, हेही त्यांच्या लक्षात आले.

येथे आपल्या देशाच्या एका थोर शास्त्रज्ञाची आठवण करायला हवी. जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात १८९५ मध्येच बिनतारी लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. लहर ओळखण्यासाठी पारा वापरण्याची रीत त्यांनी १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. १९०१ मध्ये मार्कोनींनी कानाला लावलेले यंत्र त्याच जातीचे होते. बोसांना पेटंट आणि व्यापार यांत रस नव्हता. मार्कोनी पुरते व्यापारी होते. बिनतारी यंत्र एकट्या मार्कोनींनी शोधले, असे म्हणणे म्हणूनच बरोबर नाही. ते जहाजाजहाजांवर पोहोचवले मात्र त्यांनी.

व्यापारी वृत्तीचा एक तोटाही झाला. मार्कोनींची कंपनी जहाजाला यंत्र देई आणि ते चालवणारा माणूसही देई. दुसऱ्या कंपनीचे यंत्र असलेल्या जहाजाशी या माणसांनी एरवी बोलायचे नाही, असा नियम होता. म्हणजे भर समुद्रात एक जहाज दुसऱ्याला हाक मारी आणि दुसरे ऐकूनही गप्प बसे! १९०६ मध्ये बर्लिनला अनेक देशांची परिषद झाली. तिने ही पद्धत मोडण्याचे ठरवले. संकटात सापडलेल्या जहाजाने कोणता इशारा द्यावा, हेही तेथेच ठरले. तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे : एसओएस. त्याआधी मार्कोनींच्या कंपनीचा स्वतःचा सीक्यूडी हा इशारा होता.

जानेवारी १९०९ मध्ये धुक्यात रिपब्लिक आणि फ्लोरिडा या दोन जहाजांची टक्कर झाली. रिपब्लिकवरचा चालक जॅक बिन्स मोडक्या खोलीत, थंडीत कुडकुडत तासन्‌तास सीक्यूडी पाठवत राहिला. दुसरे जहाज आले आणि सुमारे दीड हजार माणसे वाचली. त्याच वर्षी मार्कोनींना जर्मनीच्या कार्ल फर्डिनांड ब्राउन यांच्याबरोबर पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग आली १४ एप्रिल १९१२ ची रात्र. टायटॅनिक या प्रचंड जहाजावर मार्कोनींच्या कंपनीचे दोन तरुण होते : २५ वर्षांचा जॅक फिलिप्स आणि २२ वर्षांचा हॅरल्ड ब्राइड. आदल्या रात्री त्यांचे यंत्र बिघडले होते. ते त्यांनी जागून दुरुस्त केले. तोवर प्रवाशांच्या खासगी तारांचा ढीग साचला होता. त्या तारांचे पैसे मिळत, म्हणून त्या पाठवण्याची घाई होती. दिवसभर इतर जहाजांकडून समोर बर्फ असल्याचे इशारे येत होते. रात्री अकराच्या सुमारास कॅलिफोर्नियन नावाच्या जवळच्याच जहाजाने कळवले, की बर्फामुळे आम्ही थांबलो आहोत. जवळचा आवाज फिलिप्सच्या कानांत इतक्या जोरात घुसला, की दूरच्या केंद्राचे ऐकू येईना. कामाने त्रासलेल्या फिलिप्सने त्याला गप्प राहायला सांगितले. कॅलिफोर्नियनवर एकच चालक होता. तो सकाळपासून कामावर होता. साडेअकराच्या सुमारास त्याने यंत्र बंद केले आणि तो झोपला. अकरा चाळीसला टायटॅनिक हिमनगावर आदळले.

मध्यरात्रीनंतर फिलिप्स हाका मारू लागला. यंत्र उत्तम चालत होते. त्या रात्री समुद्रावर त्याच्याइतके ताकदवान यंत्र क्वचितच असेल. शेकडो किलोमीटर दूरच्या जहाजांनी आणि केंद्रांनी हाक ऐकली. जे जहाज सर्वांत जवळ होते, तेवढे बहिरे होते. त्याच्यावरच्या अधिकाऱ्यांना आकाशात उडणारे बाण दिसले, पण झोपलेल्या चालकाला सकाळपर्यंत कोणी उठवले नाही. कार्पेथिया जहाजावरही एकच चालक होता, हॅरल्ड कॉटम. तोही झोपायच्या बेतात होता. योगायोगाने कानांवरचे यंत्र त्याने अजून काढले नव्हते. त्याने ऐकले, कप्तानाला उठवले. कार्पेथियाने पहाटे चारच्या सुमारास येऊन होड्यांतली सातशेहून अधिक माणसे वाचवली. सुमारे पंधराशे माणसे गेली. फिलिप्स शेवटपर्यंत कळ सोडत नव्हता. तो परतला नाही. ब्राइड वाचला.

मार्कोनींनाही टायटॅनिकवरून येण्याचे निमंत्रण होते. पण ते आधीच्या दुसऱ्या जहाजाने निघून न्यूयॉर्कला पोहोचले होते. कार्पेथिया बंदराला लागले, तेव्हा ते स्वतः जहाजावर गेले आणि जखमी ब्राइडला भेटले. लोकांनी मार्कोनींचा जयजयकार केला. चौकशीत मात्र सर्वांनाच दिसून आले, की यंत्र असून भागत नाही, ते चोवीस तास ऐकले गेले पाहिजे. जानेवारी १९१४ मध्ये लंडनला झालेल्या करारात मोठ्या प्रवासी जहाजांवर अखंड पहाऱ्याचा नियम आला.

त्याच १९१२ च्या सप्टेंबरमध्ये मोटारीच्या अपघातात मार्कोनींचा उजवा डोळा गेला. काम थांबले नाही. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी एलेत्रा नावाची बोट घेतली आणि तिच्यावरच प्रयोगशाळा थाटली. आतापर्यंत लांब पल्ल्यासाठी लांब लहरी वापरल्या जात. त्यांना प्रचंड खांब आणि प्रचंड वीज लागे. मार्कोनी आणि त्यांचे सहकारी फ्रँकलिन यांनी दाखवले, की आखूड लहरी एका दिशेने झोतासारख्या सोडल्या तर थोड्या विजेत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जातात. या पद्धतीने १९२७ साली भारत आणि इंग्लंड जोडले गेले. त्याची केंद्रे आपल्या महाराष्ट्रात होती. निरोप पाठवायचा खडकीहून आणि घ्यायचा दौंडला. दोन ठिकाणे यासाठी, की पाठवणाऱ्याच्या गोंगाटात दुरून आलेली क्षीण हाक बुडू नये. वॉकी-टॉकीत दोन्ही कामे एकच संच करतो. म्हणून बटण दाबलेले असेपर्यंत तो बहिरा असतो.

मार्कोनींच्या आयुष्याची एक बाजू चांगली नाही. १९२३ मध्ये ते मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेले आणि १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर हल्ला केला, त्याचीही त्यांनी बाजू घेतली. ज्याच्या यंत्राने हजारो परक्या माणसांचे प्राण वाचवले, तोच एका दुबळ्या देशावरच्या हल्ल्याला पाठिंबा देतो, हे वाचून वाईट वाटते.

अखेरच्या वर्षांत ते आणखी आखूड लहरींकडे वळले. १९३३ मध्ये त्यांनी व्हॅटिकन आणि पोप यांचे उन्हाळी निवासस्थान यांच्यामध्ये बिनतारी टेलिफोन सुरू केला. त्याची लहर होती साधारण अर्ध्या मीटरची. लहर आखूड झाली की दांडीही आखूड होते. पोलिसाच्या संचावरची दांडी वीतभर असते, याचे कारण हेच. आजच्या हातातल्या संचांच्या लहरी साधारण दोन मीटरच्या किंवा पाऊण मीटरच्या आत-बाहेर असतात. पहिल्या जातीचे संच मोकळ्या शिवारात, नदीकाठी बरे चालतात. दुसऱ्या जातीचे शहरात, इमारतींच्या गर्दीत बरे चालतात.

हातात धरून बोलण्याचा संच मात्र मार्कोनींनी पाहिला नाही. तो दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तयार झाला. तेव्हा दोन प्रकार होते. पाठीवर बांधायचा संच पंधरा किलोहून जड होता आणि सुमारे पाच किलोमीटर बोलत असे. हातात धरायचा हँडी-टॉकी सव्वादोन किलोचा होता, पण जमिनीवर त्याचा आवाज दीड किलोमीटरच जाई. आजचा संच खिशात मावतो. खोक्यावर छापलेले मोठमोठे आकडे मात्र खरे मानू नका. ते डोंगरावरून डोंगरावर बोलल्याचे असतात. सपाट शिवारात उभ्या दोन माणसांत तीन-चार किलोमीटर आवाज गेला, तरी पुष्कळ. जास्त हवे असेल तर टेकडीवर, पाण्याच्या टाकीवर किंवा गच्चीवर जा. आल्फोन्सोच्या टेकडीपासूनचा नियम तोच आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे ढिगाऱ्याखाली गेली. त्या वेळी परवाना असलेले हौशी रेडिओचालक आपापले संच घेऊन तेथे पोहोचले आणि निरोप देऊ-घेऊ लागले. हा परवाना सरकारची परीक्षा देऊन मिळतो. अशा संचावर बोलण्याची एक शिस्त असते. आधी ऐकायचे, दुसरा बोलत नाही ना हे पाहायचे. बटण दाबून क्षणभर थांबायचे. मग आपण कोण, कोठे आहोत आणि काय हवे आहे, ते थोडक्यात सांगायचे. बॅटरी वाचवण्यासाठी संच अधूनमधून बंद ठेवावा लागतो. म्हणून दर तासाच्या ठोक्याला दोघांनीही काही मिनिटे संच सुरू ठेवायचा, असे आधीच ठरवून घेतात. दोघांचा चॅनेल एकच हवा. कंपन्या वेगळ्या असल्या तरी लहर आणि जुळणी सारखी असेल, तर एकाचा संच दुसऱ्याशी बोलतो. बर्लिनच्या परिषदेत ज्यासाठी भांडावे लागले, ते आता आपल्याला सहज मिळते.

मार्कोनींचे हृदय अशक्त झाले होते. २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंत्ययात्रेच्या वेळी ब्रिटनमधील टपाल खात्याची बिनतारी केंद्रे आणि बीबीसी यांनी दोन मिनिटे प्रक्षेपण थांबवले. चाळीस वर्षांपूर्वी ज्या खाडीच्या पाण्यावरून त्यांचा निरोप गेला होता, तिच्या काठच्या केंद्रांतूनही तेवढा वेळ एकही इशारा निघाला नाही.